इमारतीची उंची कोण ठरवते?
दिंडोशीच्या डोंगरउतारावरील बांधकाम-नियमांचा परिचय

बृहन्मुंबईच्या पश्चिम उपनगरांत गोरेगाव आणि मालाड यांच्या पूर्वेस दिंडोशी वसलेली आहे. महसुली दप्तरात आजही ‘मौजे दिंडोशी, तालुका बोरिवली’ अशीच तिची नोंद होते. पश्चिमेस पश्चिम द्रुतगती महामार्ग, दक्षिणेस आरे दुग्ध वसाहत, पूर्वेस दादासाहेब फाळके चित्रनगरी व तिच्यापलीकडे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर, आणि उत्तरेस कुरार व मालाड-कांदिवलीकडील लष्करी भांडाराचा परिसर, अशी या भागाची साधारण चतुःसीमा आहे. १९५७ मध्ये बृहन्मुंबईची हद्द दहिसर-मुलुंडपर्यंत वाढविण्यात आली, तेव्हा हे गाव महानगरात आले. पुढील काही दशकांत येथे म्हाडाच्या वसाहती उभ्या राहिल्या. श्रीमती मृणाल गोरे व त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नांतून नागरी निवारा परिषदेची घरे झाली. महामार्गालगत उंच इमारती आल्या आणि डोंगराच्या पायथ्याशी झोपड्यांची दाटीही वाढत गेली. २०२२ च्या एप्रिलमध्ये महामार्गावरून मेट्रो धावू लागली व दिंडोशीला स्वतःचे स्थानक मिळाले.

या परिसरातील अनेक इमारती आता जुन्या झाल्या असून त्यांच्या पुनर्विकासाचा विचार घरोघरी चालू आहे. अशा वेळी सभासदांच्या मनात एक प्रश्न हमखास उभा राहतो. महामार्गाजवळच्या एका भूखंडावर तीस-पस्तीस मजले उभे राहतात. तेथून थोड्याच अंतरावरील दुसऱ्या भूखंडास मात्र दहा-बारा मजल्यांचीही परवानगी मिळत नाही. असे का व्हावे? यात पक्षपात आहे काय? की कोणी तरी मुद्दाम अडवणूक करीत आहे?

या प्रश्नाचे उत्तर समजून घेण्यासाठी एक गोष्ट प्रथम लक्षात घ्यावयास हवी. इमारतीची उंची ठरविणारा असा एकच नियम नाही. रस्ता, हवा-उजेड, भूखंडाचे क्षेत्रफळ, अग्निसुरक्षा, विमानांची वाहतूक, देशाचे संरक्षण आणि वनसंपदा या प्रत्येकासाठी निरनिराळे नियम आहेत व त्यांची अंमलबजावणी करणाऱ्या यंत्रणाही निरनिराळ्या आहेत. प्रत्येक नियम भूखंडावर एक अदृश्य छत उभारतो. या सर्व छतांपैकी जे सर्वांत खाली असेल, तीच त्या भूखंडावरील इमारतीची खरी उंची. दिंडोशीत ही बहुतेक सर्व छते एकाच ठिकाणी एकमेकांवर येतात. म्हणून हा परिसर या विषयाच्या अभ्यासास विशेष उपयुक्त आहे.

नियमांचा उगम

इमारतींच्या उंचीवर बंधन असावे, ही कल्पना मुंबईला नवी नाही. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ आली. दाटीवाटीच्या चाळींतील अंधाऱ्या व कोंदट खोल्या हे रोगराईचे आश्रयस्थान आहे, असे त्या वेळच्या प्रशासनाचे मत झाले. १८९८ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई सुधार मंडळाने, म्हणजेच बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने, नव्या वस्त्यांची आखणी करताना प्रकाशाचा एक भौमितिक नियम अवलंबिला. समोरच्या मोकळ्या जागेच्या कडेपासून जमिनीशी साडेत्रेसष्ट अंशांचा कोन करणारी तिरपी रेषा काढावी व इमारतीचा कोणताही भाग त्या रेषेच्या वर जाऊ नये, असा तो नियम होता. त्याचा व्यवहारातील अर्थ सोपा आहे. मोकळी जागा जितकी रुंद, तिच्या सुमारे दुप्पट इमारत उंच असू शकेल. दहा मीटर मोकळ्या जागेसमोर वीस मीटरपर्यंत बांधता येईल. त्याहून उंच बांधल्यास खालच्या खोल्यांत पुरेसा उजेड पोहोचणार नाही.

जगातील इतर महानगरांनीही याच वाटेने मार्ग काढला. लंडनने १८९४ च्या कायद्याने इमारतींच्या उंचीस मर्यादा घातली. न्यूयॉर्क शहरात १९१५ मध्ये इक्विटेबल नावाची ३८ मजल्यांची इमारत रस्त्याच्या कडेपासून सरळ वर चढविण्यात आली आणि तिच्या सावलीत आजूबाजूचे रस्ते झाकोळून गेले. त्याबद्दल झालेल्या तक्रारींची भर पडून पुढच्याच वर्षी, १९१६ मध्ये, त्या शहराने आपली परिमंडळ-नियमावली संमत केली. रस्त्याच्या रुंदीच्या सव्वापट, दीडपट, दुप्पट अशी निरनिराळ्या भागांत इमारतीच्या दर्शनी भिंतीची उंची ठरली व त्यापुढे वर जावयाचे तर भिंत मागे घेण्याचे बंधन आले. रस्त्याची रुंदी आणि इमारतीची उंची यांचे प्रमाण राखणे हे सूत्र पुढे सर्वत्र नगररचनेचा पाया ठरले.

महाराष्ट्रात या विषयाचा मूळ कायदा म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६. या अधिनियमान्वये महानगरपालिका विकास आराखडा व त्यासोबतची विकास नियंत्रण नियमावली तयार करते, त्यावर नागरिकांच्या हरकती व सूचना मागविल्या जातात आणि अखेर राज्य शासन तिला मंजुरी देते. बृहन्मुंबईसाठी १९६७ मध्ये पहिली, २५ मार्च १९९१ पासून दुसरी आणि १ सप्टेंबर २०१८ पासून तिसरी नियमावली अमलात आली. यांपैकी अखेरची ‘विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली, २०३४’ या नावाने ओळखली जाते. आराखड्यात प्रत्येक भूखंड कोणत्या वापराच्या विभागात, म्हणजे निवासी, वाणिज्य, औद्योगिक, हरित इत्यादींपैकी कशात, येतो हे दाखविलेले असते. नियमावली त्या विभागात काय व किती बांधता येईल हे सांगते.

पहिले छत : रस्ता व मोकळी जागा

१९९१ च्या नियमावलीतील तरतूद समजण्यास सुलभ आहे. इमारतीसमोरील रस्त्याची रुंदी आणि इमारतीच्या पुढे सोडावयाची मोकळी जागा यांची बेरीज करावी. इमारतीची उंची त्या बेरजेच्या दीडपटीहून अधिक असू नये. उदाहरणादाखल, रस्ता १२ मीटर रुंद आहे व पुढे ३ मीटर जागा सोडली आहे असे समजू. बेरीज १५ मीटर झाली; तिची दीडपट साडेबावीस मीटर. एक मजला सुमारे तीन मीटरचा धरल्यास ही इमारत सात मजल्यांच्या आसपास थांबते. तोच रस्ता २४ मीटरचा असता व पुढे ६ मीटर जागा सोडली असती, तर उंची ४५ मीटर, म्हणजे पंधरा मजल्यांपर्यंत गेली असती.

याच नियमावलीत बाजूच्या व मागील मोकळ्या जागेचेही प्रमाण दिले होते. हवा-उजेडासाठी सोडावयाचे हे अंतर साधारणपणे इमारतीच्या उंचीच्या एक तृतीयांश असावे व कोणत्याही परिस्थितीत ३.६ मीटरहून कमी नसावे, असा दंडक होता. म्हणजे इमारत तीस मीटर उंच करावयाची तर बाजूंना दहा-दहा मीटर जागा मोकळी सोडणे आले. लहान भूखंडावर इतकी जागा सोडल्यावर बांधावयास काही उरतच नाही. लहान व अरुंद भूखंड उंच इमारतीस अनुकूल नसतात, त्याचे मूळ येथे आहे.

२०१८ नंतरच्या नियमावलीत या प्रमाणांचे तपशील बदलले असले तरी उंच इमारतीस रुंद रस्ता व अधिक मोकळी जागा हवी, हे तत्त्व कायम आहे. दिंडोशीत महामार्ग व जनरल अरुणकुमार वैद्य मार्गासारखे मोठे रस्ते आहेत. त्याचबरोबर वसाहतींतील आतल्या गल्ल्या व डोंगराकडे चढत जाणारे अरुंद रस्तेही आहेत. दोन शेजारी भूखंडांच्या नशिबात फरक पडण्यास पुष्कळदा हे एकच कारण पुरेसे होते.

दुसरे छत : चटई क्षेत्र निर्देशांक

चटई क्षेत्र निर्देशांक, ज्याला बोलीभाषेत एफएसआय म्हणतात, त्याविषयी सर्वाधिक गैरसमज आढळतात. हा निर्देशांक उंचीचे माप नाही. भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येईल, एवढेच तो सांगतो. एक हजार चौरस मीटरच्या भूखंडास निर्देशांक एक असेल, तर सर्व मजले मिळून एक हजार चौरस मीटर बांधकाम करता येईल. अर्ध्या भूखंडावर बांधले तर दोन मजले होतील, एक चतुर्थांश भागावर बांधले तर चार, आणि एक दशांश भागावर बांधले तर दहा. बांधकाम तेवढेच; केवळ त्याचा आकार बदलला. त्यामुळे ‘आम्हास इतका एफएसआय मिळाला, म्हणजे इतके मजले होणारच’ हे गणित चुकीचे ठरते.

उपनगरांसाठी मूळ निर्देशांक एक आहे. २०३४ च्या नियमावलीनुसार अधिमूल्य भरून मिळणारे बांधकाम व हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजे टीडीआर, यांची त्यात भर घालता येते. मात्र ही भर रस्त्याच्या रुंदीशी बांधलेली आहे. नऊ मीटरहून अरुंद रस्त्यावरील भूखंडास अशी भर मिळत नाही. रस्ता ९ ते १२.२० मीटर असल्यास एकूण निर्देशांक २ पर्यंत, १८.३० मीटरपर्यंत २.२, ३० मीटरपर्यंत २.४ आणि त्याहून रुंद रस्त्यास २.५ पर्यंत जातो. म्हाडा वसाहतींच्या पुनर्विकासासाठी नियम ३३(५) अन्वये ३ किंवा त्याहून अधिक निर्देशांकाची स्वतंत्र तरतूद आहे. झोपडपट्टी पुनर्वसनासाठी नियम ३३(१०) आहे.

टीडीआरचा इतिहासही उपनगरांच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. आरक्षित जमीन महानगरपालिकेस देणाऱ्या मालकास रोख मोबदल्याऐवजी बांधकामाचा हक्क द्यावयाचा व तो त्याने अन्यत्र वापरावयाचा, अशी ही योजना १९९१ च्या नियमावलीत आली. बेट-शहरात हा हक्क वापरण्यास मनाई होती. तो मूळ भूखंडाच्या उत्तरेकडे वापरता येत असे. परिणामी बांधकामाचा ओघ उत्तरेस वळला आणि गोरेगाव, मालाड, कांदिवली या भागांत पूर्वीच्या चार-पाच मजली इमारतींच्या जागी उंच इमारती दिसू लागल्या. पाणी, मलनिःसारण व रस्ते यांवर त्याचा भार पडला. नव्या नियमावलीने या हक्काची सांगड रस्त्याच्या रुंदीशी घातली आहे, ती या पार्श्वभूमीवर पाहावयास हवी.

तिसरे छत : आग

इमारत उंच झाली की तिच्यातून माणसे सुरक्षित बाहेर काढणे अवघड होते. १९९१ च्या नियमावलीत २४ मीटरहून अधिक उंचीच्या इमारतींसाठी अग्निसुरक्षेच्या विशेष तरतुदी होत्या. २०३४ च्या नियमावलीत उंच इमारतीची मर्यादा ३२ मीटर धरली आहे. ही मर्यादा ओलांडताच अधिकचा जिना, अग्निशमनासाठी पाण्याची स्वतंत्र टाकी व पंप, ठराविक मजल्यांवर रहिवाशांना तात्पुरते थांबण्यासाठी आश्रयजागा, आणि अग्निशमन दलाची गाडी वळू शकेल इतकी मोकळी जागा, या गोष्टी कराव्याच लागतात. त्यांचा खर्च व देखभाल पुढे सभासदांवरच येते. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ अन्वये ही यंत्रणा चालू स्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालक व भोगवटादारांची आहे. १२० मीटरहून उंच इमारतींचे प्रस्ताव तज्ज्ञांच्या समितीपुढे जातात.

ऑक्टोबर २०२३ मध्ये गोरेगाव पश्चिमेकडील एका पुनर्वसन इमारतीच्या वाहनतळास आग लागून काही रहिवाशांना प्राण गमवावे लागले. ती इमारत अवघ्या सात मजल्यांची होती. धूर जिन्यातून वर चढतो आणि सातवा मजलाही तेव्हा फार उंच ठरतो, ही गोष्ट मजल्यांची संख्या मोजताना विसरून चालणार नाही.

चौथे छत : विमानांचा मार्ग

दिंडोशीपासून सांताक्रूझचा छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळ सरळ रेषेत सुमारे नऊ-दहा किलोमीटरवर आहे. जुहूचा धावपट्टा साधारण तितक्याच अंतरावर आहे. इतक्या लांबच्या इमारतीचा विमानांशी काय संबंध, असे सामान्य माणसास वाटणे स्वाभाविक आहे. तथापि, केंद्र शासनाच्या नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने २०१५ मध्ये केलेल्या नियमांनुसार विमानतळाभोवतीच्या सुमारे वीस किलोमीटरच्या परिघात उंचीचे नियंत्रण लागू होते.

या नियंत्रणाची रचना एखाद्या उथळ परातीसारखी आहे. विमानतळाभोवती साधारण चार किलोमीटरपर्यंत ४५ मीटरवर एक सपाट पातळी कल्पिलेली असते. तेथून बाहेर ती दर वीस मीटरला एक मीटर या प्रमाणात चढत जाते. त्यापलीकडे, सुमारे पंधरा किलोमीटरपर्यंत, विमानतळाच्या पातळीपासून १५० मीटरवर दुसरी सपाट पातळी असते. विमाने उतरण्याच्या व उडण्याच्या मार्गांखाली तसेच रडार व दळणवळणाच्या केंद्रांजवळ याहून कडक मर्यादा असतात. भारतीय विमानतळ प्राधिकरणाने या सर्वांचे रंगीत नकाशे तयार केले असून कोणत्या चौकटीत किती उंचीपर्यंत स्थानिक संस्थेस परवानगी देता येईल व कोठे प्राधिकरणाचे स्वतंत्र ना-हरकत प्रमाणपत्र घ्यावे लागेल, हे त्यांवरून कळते.

येथे दिंडोशीकरांनी एका गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावे. महानगरपालिका इमारतीची उंची जमिनीपासून मोजते. विमानतळ प्राधिकरण मात्र इमारतीच्या माथ्याची पातळी समुद्रसपाटीपासून ठरवून देते. सपाट भागात हा फरक फारसा जाणवत नाही. डोंगरउतारावर तो निर्णायक ठरतो. उदाहरणादाखल, एखाद्या चौकटीत माथ्याची पातळी समुद्रसपाटीपासून १६० मीटर ठरली आहे असे समजू. महामार्गालगतचा भूखंड समुद्रसपाटीपासून २० मीटरवर असेल, तर तेथे १४० मीटरची इमारत या नियमात बसते. डोंगराकडील भूखंड ६० मीटरवर असेल, तर तेथे १०० मीटरच उरतात. दोन्ही भूखंडांना एकच मर्यादा लागू असूनही वरच्या भूखंडाचे सुमारे तेरा मजले कमी झाले, कारण ते डोंगरानेच आधी घेतलेले आहेत.

दुसराही एक फरक ध्यानात ठेवावा. गच्चीवरील पाण्याची टाकी व लिफ्टची खोली महानगरपालिकेच्या नियमात सामान्यतः उंचीत धरली जात नाहीत. प्राधिकरणाच्या मोजणीत मात्र टाकी, लिफ्टची खोली, वीजरोधक दांडा, अँटेना हे सर्व धरले जाते. चटई क्षेत्रात न मोजला जाणारा वाहनतळाचा मजलाही येथे उंची खातो. गच्चीवर नंतर बसविलेला मोबाईलचा मनोरासुद्धा या मर्यादेचा भंग करू शकतो.

माथ्याची पातळी बांधलेली असली की भूखंडाची पातळीच खाली आणण्याचा, म्हणजे डोंगर कापून जमीन सपाट करण्याचा मोह होतो. कागदावर त्याने एक-दोन मजले मिळतातही. परंतु डोंगरउतार कापणे हे जोखमीचे काम आहे. २ जुलै २०१९ च्या पहाटे अतिवृष्टीत मालाड पूर्वेच्या पिंपरीपाडा भागात जलाशयाची संरक्षक भिंत पायथ्याच्या वस्तीवर कोसळून पंचवीसहून अधिक माणसे दगावली. त्या दुर्घटनेचा इमारतीच्या उंचीशी संबंध नव्हता. परंतु या डोंगरउतारावरून पावसाळ्यात किती वेगाने पाणी येते व पायथ्याची वस्ती किती असुरक्षित असते, याची जाणीव तिने सर्वांना करून दिली. उतारावर बांधताना माती व खडक यांची तपासणी, आधारभिंतीची रचना आणि पाण्याचा निचरा यांची किंमत मिळणाऱ्या मजल्यांच्या किंमतीपेक्षा आधी मोजावयास हवी.

पाचवे छत : संरक्षण आणि वन

मालाड व कांदिवली यांच्या पूर्व भागात सैन्यदलाचे केंद्रीय आयुध भांडार आहे. अशा आस्थापनांच्या सुरक्षिततेसाठी १९०३ चा संरक्षण बांधकामे अधिनियम लागू आहे. त्याखाली अधिसूचना काढून ठराविक अंतरापर्यंत बांधकामावर बंधन घालता येते व त्यामुळे होणाऱ्या नुकसानीसाठी भरपाईची तरतूदही त्या अधिनियमात आहे. याखेरीज संरक्षण मंत्रालयाने १८ मे २०११ रोजी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत आस्थापनेपासून १०० मीटरपर्यंतची बांधकामे, आणि इमारत चार मजल्यांहून उंच असल्यास ५०० मीटरपर्यंतची बांधकामे, सुरक्षेच्या दृष्टीने तपासण्याचे तत्त्व होते. २१ ऑक्टोबर २०१६ च्या सुधारित सूचनांनी आस्थापनांचे वर्ग पाडून बहुतांश ठिकाणी हे अंतर बरेच कमी केले. अशा सूचनांत वेळोवेळी बदल होत असल्याने भांडाराच्या हद्दीजवळील गृहनिर्माण संस्थांनी आपल्या भूखंडाचे अंतर मोजून घेऊन अर्जाच्या दिवशी लागू असलेली अट लेखी स्वरूपात मिळवावी. उंचीविषयीच्या या एका अटीपायी पुनर्विकास रखडल्याने जुन्या, गळक्या इमारतींत दिवस काढावे लागणारी कुटुंबे या उपनगरांत आहेत. सुरक्षेचा विचार व निवाऱ्याची गरज यांचा मेळ घालण्याचा प्रश्न येथे खरोखरच नाजूक आहे.

पूर्वेकडील संजय गांधी राष्ट्रीय उद्यान १०० चौरस किलोमीटरहून मोठे आहे. केंद्र शासनाने ५ डिसेंबर २०१६ च्या अधिसूचनेने उद्यानाभोवती पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र जाहीर केले. त्याची रुंदी कोठे १०० मीटर तर कोठे चार किलोमीटरपर्यंत असून एकूण क्षेत्र ५९.४६ चौरस किलोमीटर आहे. या क्षेत्रातील बांधकाम नियंत्रित स्वरूपाचे असते व मोठे प्रस्ताव देखरेख समितीपुढे जातात. एखादा भूखंड या क्षेत्रात येतो किंवा कसे, हे केवळ उद्यानाच्या भिंतीपासूनचे अंतर पाहून सांगता येत नाही. अधिसूचनेचा नकाशा व भूमापन क्रमांक ताडून पाहावे लागतात. उद्यानाच्या कडेस बिबट्यांचा वावर असतो, तेथील ओढे पावसाचे पाणी शहराकडे वाहून आणतात आणि उन्हाळ्यात झाडीमुळे हवा सुसह्य राहते. कडेने उंच भिंतीप्रमाणे इमारती उभ्या राहिल्यास या सर्वांवर परिणाम होतो, हा या नियंत्रणामागील विचार आहे.

सर्वांत खालचे छत ओलांडल्यास

वरील मर्यादांपैकी एकाही मर्यादेचा भंग झाल्यास त्याचा फटका बहुधा बांधणाऱ्यास बसत नाही. तो राहणाऱ्यास बसतो. वरळीच्या कॅम्पा कोला आवारातील इमारती १९८० च्या दशकात बांधण्यात आल्या. मंजूर नकाशात मोजकेच मजले असताना एक इमारत वीस व दुसरी सतरा मजल्यांपर्यंत नेण्यात आली. २७ फेब्रुवारी २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे जादा मजले नियमित करण्यास नकार दिला. तोपर्यंत तेथील कुटुंबांची एक पिढी त्या घरांत वाढली होती. मजले वाढविणारे केव्हाच दूर झाले होते. 

विमानतळाच्या बाबतीतही असेच घडले आहे. २९ जुलै २०२२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने विमानतळाजवळील ४८ इमारतींचे मर्यादेवर गेलेले भाग काढून टाकण्याच्या दृष्टीने कार्यवाही करण्याचे आदेश मुंबई उपनगर जिल्हाधिकाऱ्यांना दिले. एका यंत्रणेची परवानगी मिळाली म्हणजे दुसऱ्या यंत्रणेची मर्यादा संपुष्टात आली, असे कायदा मानत नाही, हा या दोन्ही प्रकरणांतील धडा आहे.

पुनर्विकासापूर्वी गृहनिर्माण संस्थेने काय पाहावे?

सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या पुनर्विकासासाठी महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७९(अ) अन्वये शासनाने ३ जानेवारी २००९ रोजी निदेश दिले व ४ जुलै २०१९ रोजी ते सुधारित केले. विकासक नेमण्यापूर्वी संस्थेने आपल्या वास्तुविशारदाकडून अथवा प्रकल्प सल्लागाराकडून व्यवहार्यता अहवाल तयार करून घ्यावा, अशी त्यांत अपेक्षा आहे. हा अहवाल हाती घेताना सभासदांनी पुढील बाबी तपासाव्यात.

पहिली बाब म्हणजे विकास आराखड्यातील आपल्या भूखंडाचा वापर-विभाग, त्यावरील आरक्षण व समोरील रस्त्याची प्रत्यक्ष आणि नियोजित रुंदी. रस्ता कागदावर रुंद व जागेवर अरुंद असेल, तर ती तफावत आधीच स्पष्ट करून घ्यावी.

दुसरी बाब, भूखंडाची समुद्रसपाटीपासूनची पातळी. तिची मोजणी अधिकृत सर्वेक्षकाकडून करून घ्यावी. पातळी चुकीची, म्हणजे खऱ्याहून कमी दाखविल्यास काही मजले वाढल्यासारखे भासतात. मात्र खरी मोजणी होताच तेच मजले संकटात सापडतात.

तिसरी बाब, लष्करी आस्थापनेपासूनचे व उद्यानाच्या संवेदनशील क्षेत्रापासूनचे अंतर. ते नकाशावर दाखवून त्याची प्रत संस्थेच्या दप्तरी ठेवावी.

चौथी बाब सर्वांत महत्त्वाची आहे. या प्रत्येक मर्यादेने मिळणारी उंची मीटरमध्ये, एकाखाली एक, अशी मांडावी. त्यांतील सर्वांत लहान आकडा हाच आपल्या इमारतीचा आकडा होय. विकासकाने देऊ केलेले घरांचे क्षेत्रफळ त्या आकड्यात बसते काय, हे पाहावे. चटई क्षेत्र तीन पट मिळत असेल, पण उंचीच्या मर्यादेमुळे ते भूखंडावर मावत नसेल, तर उरलेले क्षेत्र कागदावरच राहणार असून त्याच्या भरवशावर दिलेली आश्वासनेही कागदावरच राहतील.

करारानंतरही सावधगिरी आवश्यक आहे. महानगरपालिकेची प्रारंभ प्रमाणपत्रे बहुधा टप्प्याटप्प्याने, ठराविक मजल्यांपर्यंत दिली जातात. ज्या मजल्यापर्यंत प्रमाणपत्र आहे त्याच्या वरील घराचा व्यवहार करणे धोक्याचे असते. नोंदणीकृत प्रकल्पांची मंजूर कागदपत्रे महारेराच्या संकेतस्थळावर पाहता येतात. माहितीच्या अधिकाराखाली महानगरपालिकेकडूनही नकाशांच्या प्रती मिळू शकतात. भोगवटा प्रमाणपत्र हाती आल्याखेरीज नव्या घरात राहावयास जाऊ नये.

नियम आणि नागरिक

हे सर्व नियम अंतिम व निर्दोष आहेत, असा दावा कोणी करणार नाही. त्यांत वेळोवेळी बदल झाले आहेत व पुढेही होतील. एकाच भूखंडासाठी अनेक यंत्रणांकडे स्वतंत्रपणे जावे लागणे हा नागरिकांचा मोठा त्रास आहे आणि सर्व मर्यादा एकाच नकाशावर एकत्र दिसाव्यात, ही अपेक्षा रास्त आहे. ज्यांच्या भूखंडावर मर्यादेमुळे पुनर्विकास व्यवहार्य ठरत नाही, त्यांना आपले बांधकाम-हक्क अन्यत्र वापरण्याची मुभा देण्यासारखे मार्गही विचारात घेण्याजोगे आहेत. नियमावलीत फेरबदल करण्यापूर्वी हरकती व सूचना मागविण्याची तरतूद १९६६ च्या अधिनियमातच आहे. गृहनिर्माण संस्थांनी व स्थानिक संघटनांनी त्या वेळी आकडेवारीसह आपले म्हणणे मांडल्यास त्याचा उपयोग होतो. मुदत संपल्यावर केलेल्या तक्रारींना तितके वजन राहत नाही.

दिंडोशीच्या डोंगराने आपल्या पायथ्याशी श्रमिक, मध्यमवर्गीय आणि संपन्न अशा सर्वांना जागा दिली आहे. या सर्वांना सुरक्षित घर हवे. त्या घरात उजेड यावा, संकटसमयी त्यातून बाहेर पडता यावे आणि काही वर्षांनी त्याचा मजला बेकायदा ठरू नये, एवढीच सर्वांची अपेक्षा असते. उंचीचे नियम मूलतः याच अपेक्षेतून निर्माण झाले आहेत. ते समजून घेऊन, आपला आकडा स्वतः मोजून जी संस्था पुनर्विकासाच्या करारावर सही करील, तिच्या सभासदांना नव्या घराची किल्ली हाती घेताना मनात शंका बाळगण्याचे कारण उरणार नाही.